ठमी, हेमा आणि डावी टाकी

मुलगी बघायला गेलो होतो तेव्हा मुलीनं मला एकच प्रश्न विचारला. "आपलं वजन किती?" घरातले सगळे चपापले. माझ्या आईनं हातातली बशी खाली ठेवली. मी खरं ते सांगितलं, आणि मुलगी म्हणाली, "मग चालेल." नंतर उलगडा झाला. मुलगी शनिवार-रविवारी विमान चालवायची, विमानात दोनच खुर्च्या, आणि शेजारी जड माणूस बसला की पेट्रोल कमी भरावं लागायचं. लोकांची लग्नं पगारावर ठरतात, पत्रिकेवर ठरतात. आमचं वजनावर ठरलं. आता ते वजन बरंच पुढे गेलंय आणि त्याबद्दल मला जेवताना रोज ऐकावं लागतं.

मी अनंत. सदाशिव पेठेत माझं चष्म्याचं दुकान होतं. आता दुकान भाड्यानं दिलंय, मी घरी असतो, आणि रविवारी बायकोचा डबा भरून तिच्याबरोबर धावपट्टीवर जातो. यात कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं.

बायकोचं नाव हेमा. आठवडाभर शाळेत विज्ञान शिकवायचं आणि सुट्टीच्या दिवशी सासवडच्या पुढे आमच्या फ्लाइंग क्लबच्या धावपट्टीवर पोरांना विमान शिकवायचं, असं तिनं आयुष्यभर केलं. शाळेतून निवृत्त झाली, क्लबातून नाही. पोरं तिला बाई म्हणतात. एकानं एकदा मॅम म्हटलं तर म्हणाली, "मॅम शेजारच्या कॉलेजात मिळतील, इथे संपल्या."

क्लबात दोन विमानं आहेत. एक नवं, पांढरं, समोर सगळे पडदेच पडदे. हेमा त्याला मोबाईल म्हणते. दुसरं साठ वर्षांचं, अंगावर पत्र्याऐवजी ताणून बसवलेलं कापड, नाक आखूड आणि फुगीर. तिचं नाव ठमी. ठमीचं काही आपोआप होत नाही. वरच्या दोन्ही पंखांत पेट्रोलच्या दोन टाक्या, एक डावी, एक उजवी, आणि दोन खुर्च्यांच्या मध्ये एक खटका. खटका डावीकडे फिरवला की डाव्या टाकीतलं पेट्रोल इंजिनात उतरतं, उजवीकडे फिरवला की उजवीतलं. कुठल्या टाकीवर आपण किती वेळ उडालो हे वैमानिकानं डोक्यात ठेवायचं. हेमाच्या डोक्यात दुसरं काही राहत नाही. माझा वाढदिवस ती तीनदा विसरली आहे.

आणि तिचा एक नियम आहे, तो मात्र क्लबातलं कुत्रंसुद्धा पाठ म्हणेल. उडण्याआधी विमान नाकापासून शेपटीपर्यंत तपासायचं. तपासून झाल्यावर कुणी, अगदी कुणीही, विमानाला हात लावला, तर पुन्हा पहिल्यापासून तपासायचं. नाही तपासलं, तर तीन महिने जमिनीवर. तनया म्हणून तिची लाडकी विद्यार्थिनी आहे, हुशार, नोकरीसाठी उड्डाणाचे तास जमवत असलेली. मे महिन्यात तिचे काका फोटो काढायला आले आणि पंखाला टेकून उभे राहिले. हेमा म्हणाली, "परत तपास." तनया म्हणाली, "बाई, फक्त टेकलेत हो," आणि उडून गेली. उतरल्यावर तीन महिने घरी. पोरगी रडली, तिच्या आईचा मला फोन आला, मीही हेमापाशी रदबदली केली. उपयोग शून्य. "विमानाला लाडकी-दोडकी कळत नाही," एवढंच म्हणाली आणि ताट वाढायला लागली.

तर आता यंदाच्या दसऱ्याचं सांगतो.

क्लबाचा सेक्रेटरी सलिल. माणूस वाईट नाही, पण व्यवहारी. ठमी म्हातारी झाली, तिचे सुटे भाग मिळत नाहीत, त्यात गेल्या वर्षी तिचं इंजिन दोनदा रुसलं होतं. कात्रजच्या घाटापलीकडे उत्तरेश्वरशेठ म्हणून एकांचं मोठं हॉटेल आहे. त्यांना ठमी हवी होती, बागेत उभी करायला. पंखांखाली टेबलं मांडायची, लोकांनी मिसळ खात फोटो काढायचे. सलिलनं हेमाला सरळ सांगितलं, "ताई, दसऱ्याला पूजा करा, उडवा. इंजिन सुतासारखं चाललं तर ठमी राहील. एकदा जरी खोकलं, तर मात्र शेठच्या ताब्यात."

दुसरीही गोष्ट होती, ती हेमा कुणापाशी बोलत नव्हती. पासष्ट पूर्ण झाली की चालकाच्या जागेवर बसायचं नाही, असा आमच्या क्लबचा नियम. हेमाला पासष्टावं डिसेंबरात संपत होतं. म्हणजे तिचं उडणं उरलं होतं दसऱ्यापासून तेवढंच, हिवाळ्याच्या तोंडाचं स्वच्छ हवेचं. त्यासाठी तिनं भाचीच्या लग्नालासुद्धा नाही कळवलं होतं.

दसऱ्याला मी मंडईतून झेंडू आणला. सव्वा किलो मागितला, फुलवाली म्हणाली सव्वाच कशाला, दीड घ्या, आणि मी दीड घेतला. मंडईत मी आजवर जिंकलेलो नाही. धावपट्टीवर पोचलो तर हेमाची तपासणी चालू होती. टाक्यांची झाकणं उघडून लाकडी पट्टी बुडवून पेट्रोल मोजलं, खालच्या नळीतून काचेच्या भांड्यात थोडं काढून त्यात पाणी नाही ना ते उन्हात धरून बघितलं. डावी टाकी जवळजवळ भरलेली, उजवीत मुद्दाम थोडं.

"उजवीत एवढंच का?" मी विचारलं.

"तुम्ही दोन वाट्या श्रीखंड खाल्लंत म्हणून."

दसऱ्याला ठमीतून एक फेरी मला मिळते, हा आमचा लग्नापासूनचा रिवाज. वाद घालून मला ती गमवायची नव्हती.

मग पूजा. ती हेमा स्वतः करते, दुसऱ्या कुणाला ताटाजवळ येऊ देत नाही. नाकापुढच्या पंख्याला झेंडूची माळ, नाकावर कुंकवाचं स्वस्तिक, चाकांना हळदकुंकू. मग स्टुलावर चढून दोन्ही टाक्यांच्या झाकणांवर बोटानं कुंकू लावलं आणि वर ओल्या कुंकवात भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. "इथेच तर बिचारीचं पोट," म्हणाली. तनया फोनवर चित्रण करत होती. तेवढ्यात उत्तरेश्वरशेठची गाडी आली आणि सलिलनं घाई सुरू केली, "ताई, चला, चला, शेठना पुढे जायचंय." हेमानं माळ काढली, फुलं झटकली, मला आत बसवलं, पट्टा आवळला आणि इंजिन सुरू केलं. तनयानं फोन खाली केला, तोंड उघडलं आणि मिटलं. ते मी काचेतून बघितलं, पण मला वाटलं, पोरगी जांभई देतेय.

उड्डाण झकास झालं. खाली अंजिराच्या बागा, सीताफळाची शेतं, मध्येच झेंडूचे पिवळे तुकडे. पुरंदरला वळसा घालून आम्ही वीर धरणाकडे निघालो. इंजिन इतकं गोड चाललं होतं की मी म्हणालो, "हॉटेलवाल्यांनी आता मिसळ स्वतःच्या गाडीतच खावी." हेमा हसली. आणि ठमी खोकली.

एकदा. मग पुन्हा. मग आवाज खाली खाली गेला आणि समोरचा पंखा नुसता वाऱ्यानं फिरायला लागला. माझी पाचावर धारण बसली. विमानात इंजिनाचा आवाज असतो तेव्हा माणूस वैतागतो, पण तो गेल्यावर काय होतं ते कुणाला न समजो. नुसता वारा. मला माझा श्वास ऐकू येत होता.

हेमानं पहिल्यांदा काय केलं? नाक खाली केलं. मी म्हणालो, "अगं, खाली काय नेतेस?" ती म्हणाली, "वेग गेला तर दगडासारखे पडू. वेग आहे तोवर आपण पक्षी आहोत. आता बोलू नका." मग खाली बघून बोट दाखवलं, "काहीच नाही झालं तर ते नांगरलेलं शेत. तारा नाहीत, विहीर कोपऱ्यात आहे." शेत ठरलं, आणि मगच ती इंजिनाकडे वळली. मी असतो तर उलटं केलं असतं, आणि आज हे सांगायला नसतो.

तिनं एक दांडा ओढला. त्यानं इंजिनाच्या श्वासात गरम हवा जाते, आत बर्फ धरला असेल तर वितळतो. थोडं थांबली. काही नाही. मग डाव्या टाकीचा काटा बघितला. अर्ध्याच्या वर. "पेट्रोल तर आहे," स्वतःशीच म्हणाली, आणि मधला खटका डावीकडून उजवीकडे फिरवला. शेत वर वर येत होतं. शेतातली एक बाई मान वर करून आमच्याकडे बघत होती, तिच्या डोक्यावरचा पदर मला दिसला. मी मनातल्या मनात सारसबागेच्या गणपतीला काय काय कबूल केलं ते इथे सांगत नाही, कारण अजून ते फेडायचंय.

इंजिन फुरफुरलं, अडखळलं आणि धरलं. ठमी गरजली. मला रडूच आलं.

"रडू नका, डोळ्यांचं काम आहे," हेमा म्हणाली. "माझ्या डाव्या बाजूची शेतं बघत राहा. सपाट दिसलं की सांगा." रेडिओवर तिनं धावपट्टीला कळवलं, इंजिन बंद पडलं होतं, पुन्हा चालू आहे, परत येतोय. लपवाछपवी नाही. मग गाडी चालवताना भाजीचा विषय काढावा तशा आवाजात मला विचारलं, "अहो, तेलाच्या डब्याला तुम्ही दोन भोकं का पाडता?"

"एकातून तेल येतं. दुसऱ्यातून हवा जाते. नाही तर तेल येतच नाही."

"तसंच झालंय. डावीत पेट्रोल आहे, पण वरून हवा जात नाहीये. झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं, ते बुजलंय."  ते कशानं बुजलंय हे तिला तेव्हाच कळलं असावं, कारण तिचा चेहरा उतरला. इंजिन बंद पडलं तेव्हा तो उतरला नव्हता.

आता उजव्या टाकीत पेट्रोल थोडंच, माझ्या श्रीखंडाच्या कृपेनं. सरळ डोंगरावरून गेलं तर वाट जवळची, पण खाली उतरायला जागा नाही. डोंगराला वळसा घालून गेलं तर लांबची, पण सगळी शेतं. मला वाटलं, पेट्रोल कमी म्हणजे जवळची वाट. हेमा म्हणाली, "जवळच्या वाटेनं गेलेल्यांची नावं स्मारकाच्या भिंतीवर असतात." तिनं लांबची धरली, वेग कमी केला, इंजिनाला अगदी लागेल तेवढंच पेट्रोल दिलं. खाली मोठं माळरान लागलं आणि हाताशी उंची होती, तेव्हा तिनं खटका परत डावीकडे नेला. मी ओरडलोच. "ओरडू नका. एवढ्या वेळात झाकणाच्या फटीतून थोडी हवा आत गेली असेल. तेवढं पेट्रोल ती देईल. उजवीतलं मला उतरायला हवंय." आणि दिलं की! ठमी डाव्या टाकीवर काही मिनिटं नीट चालली. आवाज जरा बदलला की हेमा खोकल्याआधीच खटका फिरवायची. महिनाअखेरीला आई साखर पुरवायची, तसं तिनं ते पेट्रोल पुरवलं. भीती हळूहळू गेली माझी. खरं सांगतो, मला तिचा इतका अभिमान वाटला की मी खालची शेतं बघायची सोडून तिच्याकडेच बघत बसलो आणि त्याबद्दल बोलणी खाल्ली.

धावपट्टीवर तिनं ठमीला असं टेकवलं की मला कळलंही नाही.

विमान धावपट्टीच्या टोकाला थांबलं. सलिल, शेठ आणि तनया लांबून धावत येत होते. हेमा चाकावर पाय देऊन वर चढली आणि डाव्या टाकीचं झाकण फिरवलं. फस्स करून हवा आत गेली. तिनं झाकण उलटं केलं, भोकातून नखानं काहीतरी कोरून काढलं आणि तळहातावर घेऊन खाली आली. तांदळाचा लाल दाणा. आंबेमोहोराचा, आखूड, त्या भोकात फिट्ट बसणारा. वाऱ्यानं बाकी अक्षता उडाल्या, हा आत ओढला गेला.

माझं डोकं अशा वेळी फार जोरात चालतं. "हेमा, दाणा मला दे," मी म्हणालो. "टाकून देतो. इंजिन बंद पडलं एवढंच सांग. म्हातारं आहे, कुणाला नवल वाटणार नाही. ठमी जाईल, पण तुझे डिसेंबरपर्यंतचे दिवस राहतील. त्या पांढऱ्यावर उड की."

तिनं माझ्याकडे बघितलं. तसं ती विद्यार्थ्यांकडे बघते. "ती पेट्रोल मागत होती आणि मी तिचं नाक दाबून धरलं होतं. आणि वर तिलाच म्हातारी म्हणू?"

सलिल पोचला तोच बोलत. "बघा ताई, मी म्हणत नव्हतो? शेठ, तुमची झाली ही."

"आरं, मान्सं धडपने खाली आली हे काय कमी हाय?" उत्तरेश्वरशेठ म्हणाले. मला त्या माणसाचा रागच धरता येईना.

हेमानं तळहात पुढे केला. "सलिल, इंजिनाला काही झालेलं नाही. हा दाणा झाकणाच्या भोकात होता. मी वाहिलेला. तपासणी केली, मग पूजा केली, आणि पुन्हा न तपासता उडाले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण." मग ती तनयाकडे वळली. "तू बघत होतीस ना?"

तनयाची मान खाली. "हो, बाई."

"मला सांगायचं होतंस. तोंड उघडलं होतंस तू."

"तुम्हाला कोण सांगणार, बाई?"

हे ऐकून हेमा मटकन खाली बसली. धावपट्टीवरच, डांबरावर.  "म्हणजे मी तुम्हाला काही शिकवलंच नाही," ती म्हणाली. "नुसतं घाबरवलं."

 सलिल पुढे आला. "ताई, ठमीचा दोष नाही, मान्य. ती राहील. शेठ, माफ करा. आणि तुमचं म्हणाल तर... एखादा आठवडा विश्रांती घ्या, बास."

"तनयाला किती दिले होते?"

"ताई, तिची गोष्ट वेगळी. तुमचा डिसेंबर..."

"तीन महिने. आजपासून," हेमा म्हणाली आणि चालकाची किल्ली त्याच्या हातात ठेवली. "डिसेंबर येईल आणि जाईल."

 दिवे घाट उतरताना मी रस्त्याच्या कडेला गाडी थांबवली, तेव्हा ती रडली. मनसोक्त रडली. मी तिला सांगितलं, की मला राग आलाय तुझा, तुझ्या नियमाचा, सगळ्याचा. ती म्हणाली, "मलाही." मग आम्ही घरी गेलो आणि उरलेलं श्रीखंड दोघांनी संपवलं.

दिवाळीनंतरच्या रविवारी तनया ठमीला घेऊन एकटी उडणार होती. हेमानं घरी बसावं असं मला वाटत होतं, जखमेवर मीठ कशाला चोळायचं? पण ती निघाली. डबा मी भरला. धावपट्टीवर ती ठमीपासून लांब उभी राहिली, सलिलशी बोलत, आणि बोलता बोलता, सवयच ती, दोन-चार पावलं पुढे गेली. तनया आत बसली होती, किल्ली फिरवणार एवढ्यात तिनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि खणखणीत आवाजात ओरडली.

"बाई! मागे व्हा! पंख्यासमोर उभ्या आहात तुम्ही! दिसत नाही का?"

 क्लबातले सगळे होते तिथेच थिजले. हेमाबाईंना, दिसत नाही का! मी डोळे मिटून घेतले.

हेमा मुकाट्यानं मागे झाली. अजून, अजून, पार माझ्या खुर्चीपर्यंत. इंजिन सुरू झालं, ठमी धावली, उचलली गेली. मी बघितलं तर हेमाच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"ऐकलंत?" तिनं माझा दंड घट्ट धरला. "माझ्यावर ओरडली हो ती."